आफ्रिकन सफारीतला बिबट्या: शोधायचा कसा आणि दिसल्यावर काय बघायचं

रानपिंगळा

आफ्रिकेत बिबट्या दिसेल का असं कुणी विचारलं की "नशीब" हे उत्तर ठरलेलं. नशिबाचा वाटा आहेच. पण रान कुठलं निवडलं, तिथे रस्ता सोडून गाडी घालता येते का, अंधार पडल्यावर फिरता येतं का आणि गाइड कानांचा वापर करतो का, या गोष्टी नशिबाच्या आधी येतात. त्यांच्याबद्दल नीट माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात जागांपासून.

साबी सँड, दक्षिण आफ्रिका. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम अंगाला लागून असलेली खासगी राखीव रानं. मधलं कुंपण १९९३ मध्ये काढलं, त्यामुळे जनावरांची ये-जा मोकळी आहे. इथल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या गाड्या बघत वाढल्या. आई गाडीकडे लक्ष देत नाही म्हणून पिल्लंही देत नाहीत. बिबट्या सापडला की गाडी झुडपांत घालून त्याच्या मागे जाता येतं, एका जनावरापाशी साधारण दोन-तीनच गाड्या थांबतात आणि बाकीच्या रेडिओवर नंबर लावून लांब उभ्या राहतात. बोनेटवरच्या खुर्चीत माग काढणारा ट्रॅकर वेगळा असतो. वागणूक बघायची असेल तर याच्या तोडीचं रान नाही. महागही तेवढंच आहे.

दक्षिण लुआंग्वा, झांबिया. राष्ट्रीय उद्यानाच्या आत रात्री ८ पर्यंत सर्चलाइट घेऊन फिरता येतं, हे याचं मोठं वैशिष्ट्य. एबनीची दाट राई, नदीच्या सुटलेल्या जुन्या वळणांत साचलेली तळी आणि पुकू-इंपाला या हरणांचे कळप, असं सगळं बिबट्याला हवं तसं आहे. जून ते ऑक्टोबर जावं. पावसाळ्यात काळ्या मातीचे रस्ते बंद होतात आणि गवत डोक्याच्या वर जातं.

सेरेनगेटीतलं सेरोनेरा, टांझानिया. नदीकाठी सॉसेज ट्री आणि पिवळ्या खोडाची बाभूळ, आजूबाजूला मोकळं गवत. झाडं मोजकी आणि सुटी असल्याने बिबट्या दिसण्याची शक्यता चांगली. मात्र रस्ता सोडता येत नाही, त्यामुळे दोन-तीनशे मीटरवरच्या फांदीवर लोंबणारी शेपटी दुर्बिणीतून बघण्याची तयारी ठेवावी.

मसाई मारा, केनिया. मुख्य अभयारण्यात रात्रीची फेरी नाही आणि रस्ता सोडायला बंदी. शेजारच्या नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ अशा कॉन्झर्व्हन्सींमध्ये (मसाईंच्या जमिनींवर राखलेल्या रानांत) दोन्ही चालतं, पण तिथल्या कॅम्पात मुक्काम असेल तरच.

याशिवाय केनियातलं संबुरू (एवासो न्यिरो नदीचा काठ) आणि बोट्स्वानातलं मोरेमी-ख्वाई. मोरेमीच्या आत नियम कडक, बाहेरच्या खासगी क्षेत्रांत मोकळे.

क्रुगरमध्ये स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांनी स्कुकुझा ते लोअर साबी हा नदीकाठचा एच ४-१ रस्ता पहाटे फाटक उघडताच धरावा. डांबरी रस्त्यावर ५० ची मर्यादा आहे, पण बिबट्या शोधायचा तर २०-२५ च्या वर जाऊ नये.

---

तांबट

छान सुरुवात. मी आवाजांबद्दल लिहितो, कारण बिबट्या डोळ्यांनी सापडतो त्याहून जास्त वेळा कानांनी सापडतो. ताडोबा-नागझिऱ्यात वानराचा खाकर आणि चितळाचा कॉल ऐकायची सवय असलेल्यांना यातलं निम्मं आधीच येतं. फक्त कलाकार बदलतात.

व्हर्वेट माकड: सगळ्यांत भरवशाचं. रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी केनियातल्या अंबोसेलीत केलेलं काम १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी ही माकडं वेगवेगळे आवाज काढतात, आणि नुसतं ध्वनिमुद्रण ऐकवलं तरी त्या-त्या धोक्याला साजेशी हालचाल करतात, हे त्यात दिसलं. बिबट्यासाठी तुटक भुंकल्यासारखा आवाज आणि झाडाकडे धाव. गरुडासाठी नजर वर किंवा झुडपात लपणं. सापासाठी मागच्या पायांवर उभं राहून खाली बघणं. तेव्हा आवाज आला की आधी माकड कुठे बघतंय ते बघा. झाडाच्या शेंड्यावर बसून एकाच दिशेला खाली बघत ओरडत असेल तर गाडी त्या दिशेला.

बबून: नराचं "वा-हू" दूरवर जातं. पण बबून आपसांतल्या भांडणातही बेफाम ओरडतात. भांडणात किंचाळ्या, धावपळ, पिल्लांचा गोंधळ असतो. बिबट्यासाठीचं भुंकणं थांबून थांबून येतं आणि मोठे नर त्या दिशेला तोंड करून बसतात.

इंपाला: नाकातून जोरात फुत्कार. एकट्याने फुत्कारून पुन्हा चरायला सुरुवात केली तर विसरून जा. सगळा कळप कान टवकारून एकाच झुडपाकडे बघत असेल आणि एक-दोन पावलं त्या दिशेला पुढेही जात असेल तर शिकारी तिथेच आहे. लपलेला बिबट्या डोळ्यांसमोर ठेवणं त्यांना जास्त सुरक्षित वाटतं. दक्षिण आफ्रिकेत एप्रिल-मे मध्ये नरांचा माज असतो, तेव्हा ते दिवसरात्र घोरल्यासारखे आवाज आणि फुत्कार काढतात. त्या दिवसांत इंपालाच्या आवाजावर गाडी वळवली तर अख्खी सकाळ वाया जाते.

कुडू आणि बुशबक (हरणासारखे प्राणी): खोल, मोठं भुंकणं. कुडू उगाच भुंकत नाही. एकदा ऐकलं तर जायलाच हवं.

पुकू: लुआंग्वात याची शिट्टी हाच मुख्य निरोप. रात्री सलग शिट्ट्या येऊ लागल्या की गाइड इंजिन बंद करून दिशा ठरवतात.

गिनी फाउल, तित्तर, खारी: यांचा गलका उपयोगी, पण साप, मुंगूस, जेनेट (मांजरासारखा छोटा शिकारी प्राणी) कशासाठीही होतो. दुसऱ्या जातीच्या प्राण्याने दुजोरा दिला तरच महत्त्व द्यावं.

आणि बिबट्याचा स्वतःचा आवाज: लाकडावर करवत चालवावी तसा खरखरीत, आत-बाहेर श्वासाचा. हद्द सांगणारा नर किंवा जोडीदार शोधणारी मादी चालता चालता तो काढते. शांत पहाटे किलोमीटरभरावरूनही ऐकू येतो. ऐकल्यावर लगेच त्या ठिकाणी धावू नये. तो चालतोय, त्यामुळे दुसरी हाक कुठून येते ते ऐकून दोन हाकांवरून दिशा काढायची आणि त्याच्या पुढच्या रस्त्यावर जाऊन थांबायचं.

---

घाटवाट

तांबट, वाऱ्याचं राहिलं. जोराचा वारा असेल तर हरणांना चाहूल लागत नाही म्हणून बिबट्याला शिकार सोपी, पण आपल्याला कॉल ऐकू येत नाहीत. अशा दिवशी कानांवर विसंबून न राहता नदीचं कोरडं पात्र, ओढ्यांचे काठ आणि वारुळं डोळ्यांनी तपासत जावं.

---

रानपिंगळा

बरोबर. शोधताना होणारी मोठी चूक म्हणजे फक्त झाडांवर बघत राहणं. चित्रांमुळे बिबट्या म्हणजे फांदी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ जमिनीवर जातो. थंडीच्या सकाळी वारुळाच्या माथ्यावर किंवा खडकावर ऊन खात. उन्हं चढली की ओढ्याच्या काठच्या सावलीत, वाळूत. फांदीवर तो येतो ते बहुतेक वारा लागावा, चहूकडे नजर ठेवता यावी म्हणून, किंवा खाली सिंह-तरस असतात किंवा वर शिकार ठेवलेली असते म्हणून.

झाड तपासायची पद्धत: शेंडा सोडा. जमिनीपासून तीन ते आठ मीटरवरच्या जाड, आडव्या फांद्या बघा. सॉसेज ट्री, मारुला, जॅकलबेरी, उंबराच्या जातीची मोठी झाडं. फांद्या आडव्या असतात, त्यामुळे त्यांतून खाली लोंबणारी कुठलीही उभी रेघ संशयास्पद. शेपूट किंवा पाय आधी दिसतो, ठिपके सगळ्यांत शेवटी. झुडूप तपासताना नजर त्याच्या पृष्ठभागावर न ठेवता आरपार पलीकडच्या उजेडावर ठेवावी. मधला काळोखा आकार मग आपोआप वेगळा दिसतो.

दुर्बीण ८×४२ घ्यावी. हलत्या गाडीत १० पटीची थरथरते आणि तिचं दृश्यक्षेत्रही अरुंद असतं. सेरोनेरासारख्या लांब अंतराच्या जागी मात्र १०×४२ चा फायदा होतो.

---

मोहर

चित्ता आणि बिबट्या लांबून ओळखायला काही सोपी खूण? नवखी आहे, म्हणून विचारते.

---

घाटवाट

@मोहर, चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असते आणि अंगावर सुटे, भरीव ठिपके. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर ठिपक्यांची फुलं, पाय आणि डोक्यावर भरीव ठिपके. लांबून बांधा बघा: चित्ता उंच पायांचा, छोट्या डोक्याचा. बिबट्या लांबट, बुटका, जाड मानेचा. मोकळ्या माळावर भर दुपारी बसलेला असेल तर बहुधा चित्ताच.

---

पाणवठा

मागांबद्दल थोडं. साबी सँडमध्ये सकाळच्या फेरीचा पहिला तास बहुतेक वेळा रस्त्यावरची माती वाचण्यात जातो. पाहुण्यांना तो कंटाळवाणा वाटतो, पण तो तास दिला नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे चालतं.

मांजरकुळातला ठसा: मागच्या गादीला खालच्या कडेला तीन उंचवटे, नखं उमटत नाहीत. तरसाची आणि चित्त्याची नखं उमटतात. बिबट्याचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा आणि गोल. मादीचा ठसा साधारण ७ ते ८ सेंमी, मोठ्या नराचा ९ ते १० पर्यंत. त्याहून बराच मोठा असेल तर सिंह किंवा सिंहीण.

ताजेपणा असा ठरवतात. ठशाच्या कडा धारदार आहेत की ढासळल्या? त्यावर रात्रीच्या किड्यांच्या, रातव्याच्या किंवा हरणाच्या खुणा पडल्या आहेत का? काल संध्याकाळच्या गाडीच्या टायरखाली ठसा आहे की टायरच्या वर? टायरच्या वर असेल तर काल संध्याकाळनंतरचा. त्यावर दवाचे थेंब पडल्याच्या खुणा नसतील तर पहाटेचा. रात्री पाऊस पडून गेला असेल तर सोनं, कारण जुने सगळे माग धुऊन निघतात आणि जे दिसतं ते ताजंच असतं. शिवाय ओलं गवत टाळून बिबट्या रस्त्यानेच चालतो.

मग तो भाग चौकोनांत विभागतात. ठसे एका चौकोनात शिरलेत, पण चारही बाजूंच्या रस्त्यांवर बाहेर पडलेले दिसत नाहीत, तर जनावर आत आहे. गाडी न्यायची की पायी शिरायचं हे त्यानंतर.

रस्त्याच्या कडेला फरफटीची खूण दिसली तर थांबाच. मधोमध घासलेली पट्टी आणि एका बाजूने ठसे, म्हणजे भक्ष्य मानेला धरून पायांच्या मधून ओढत नेलं आहे.

---

तांबट

यात वासाची भर. बिबट्या झुडपांवर मागे फवारा सोडून हद्द आखतो, आणि त्याला मक्याच्या लाह्यांसारखा वास येतो. उघड्या गाडीत तो चटकन जाणवतो. मागच्या पायांनी उकरलेली जमीनही आजूबाजूला सापडते.

---

निशाचर

झाडावरच्या शिकारीबद्दल सविस्तर लिहितो. वागणूक बघायची सगळ्यांत चांगली संधी तीच असते आणि बहुतेक जण ती वीस मिनिटांत सोडून निघून जातात.

बिबट्या शिकार वर का नेतो? मुख्य कारण ठिपकेवाला तरस, त्यानंतर सिंह. साबी सँडमधल्या दीर्घकालीन नोंदींत सुमारे निम्म्याच शिकारी झाडावर नेलेल्या आढळल्या आहेत. म्हणजे तो दर वेळी वर नेतोच असं नाही. ससा, स्टीनबकसारखी छोटी शिकार जागीच संपते. फार जड असेल तर उचलत नाही. दाट झुडूप असेल आणि तरसाला अजून पत्ता लागला नसेल तर खालीच लपवून खातो.

क्रम साधारण असा. गळा धरून शिकार मारल्यावर तो दम खातो, कधी अर्धा तासही. या वेळात आजूबाजूला ऐकत असतो. मग भक्ष्य जवळच्या आडोशाला ओढतो. बरेचदा पोट फोडून आतडी-जठर बाहेर काढतो आणि त्यावर पाला-माती ओढतो. यामुळे वजन घटतं आणि वासही कमी पसरतो. मांडीवरचे केस दातांनी उपटून बाजूला टाकतो. केसांचे असे पुंजके जमिनीवर दिसले तर वर बघा. मग झाड निवडतो: खोड थोडं तिरकं, पहिली फांदी फार उंच नाही, दुबेळकं मजबूत. उडी मारताना मान वर ताणून भक्ष्य बाजूला लटकवतो, नाहीतर ते पुढच्या पायांत अडकतं. दक्षिण आफ्रिकेतली मादी साधारण ३५ ते ४५ किलोची, नर ६० ते ७० चा. पूर्ण वाढलेला इंपाला नर ५५-६० किलोचा. हा हिशेब मांडला की मादीला काय ताकद लावावी लागते ते कळतं.

काय बिघडतं? भक्ष्य दुबेळक्यात नीट बसलं नाही तर खाताना घसरतं. मांस कमी होत जाईल तसा तोल बदलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पडण्याची शक्यता जास्त. खाली तरस मान वर करून बसलेला असेल तर तो त्याचीच वाट बघत असतो. उलट, झाडाखाली असा बसलेला तरस दिसला की वर शिकार आहे, हे बिबट्या न दिसताही समजायचं. मादीची शिकार मोठा नर येऊन बळकावतो हेही वरचेवर घडतं. मग ती शेजारच्या झाडावर किंवा झुडपात बसून राहते.

गिधाडांवर इथे विसंबू नका. पानांच्या आड ठेवलेलं भक्ष्य त्यांना वरून नीट दिसत नाही. झाडावर बसलेला टॉनी किंवा बॅटेलूर गरुड जास्त उपयोगी.

इंपालाएवढी शिकार एकट्या बिबट्याला दोन ते चार दिवस पुरते. म्हणून सकाळी झाडावर फक्त भक्ष्य दिसलं आणि बिबट्या नाही, तर निराश होऊन जागा सोडू नका. तो पाण्यावर गेलेला असतो किंवा शे-दोनशे मीटरवर सावलीत झोपलेला असतो. दुपारच्या फेरीत सरळ तिथे जा आणि सूर्यास्तापर्यंत थांबा. भरल्या पोटाचा बिबट्या तोंड उघडून जलद धापा टाकतो. तो आजारी नाही, पोट तट्ट भरलं की असंच होतं.

मादी शिकार वर ठेवून ठाम चालीने एका दिशेला निघाली आणि तिचे सड भरलेले दिसले तर ती बहुधा पिल्लांना आणायला निघाली आहे. अशा वेळी तिच्या मागे गाडी लावण्यापेक्षा झाडापाशीच थांबणं उत्तम. ती पिल्लं घेऊन परत इथेच येते, आणि मागे गाडी नसेल तर लवकर येते.

---

मोहर

निशाचर, मस्त माहिती. तो खाली उतरणार हे आधी कळतं का? फोटो काढायला तयार राहायचं तर.

---

निशाचर

@मोहर, हो, बऱ्यापैकी. झोपलेला बिबट्या डोकं वर करतो, जांभई देतो, पुन्हा डोकं ठेवतो. ही पहिली खूण, पण हिच्यावर भरवसा ठेवू नये. तासभर हेच चालू शकतं. जांभया लागोपाठ येऊ लागल्या, मग उठून पाठ ताणली, पंजे चाटले आणि खोडाच्या दिशेला तोंड करून खाली जमीन न्याहाळायला लागला, की मिनिटभराचाच अवधी. बहुतेक वेळा डोकं खाली करून उतरतो आणि शेवटचे दोन-तीन मीटर उडी मारतो. गाडी खोडाच्या अगदी जवळ, त्याच्या उतरण्याच्या बाजूला लावलेली असेल तर तो अडकून पडतो. किमान एक बाजू पूर्ण मोकळी सोडायला गाइडला आधीच सांगावं.

---

पाणवठा

शेपटी वाचायला शिका. चालताना शेपटी वर वळलेली आणि खालची पांढरी बाजू दिसतेय, म्हणजे तो नुसता प्रवासात आहे. हरणांनी बघितलंय हे त्याला माहीत आहे आणि शिकारीचा बेत नाही. पिल्लांनाही उंच गवतात ते पांढरं टोक मागे चालायला कामी येतं. हीच शेपटी खाली, अंग जमिनीला टेकलेलं, खांदे पाठीच्या वर, डोकं स्थिर, म्हणजे दबा सुरू झाला.

दबा सुरू झाला की गाडीने हलू नये. इंजिन बंद, बोलणं बंद, रेडिओचा आवाज कमी. बिबट्या चित्त्यासारखा लांब पाठलाग करत नाही. पाच-दहा मीटरपर्यंत पोचल्याशिवाय बहुधा धाव घेत नाही आणि पहिल्या काही उड्यांत जमलं नाही तर सोडून देतो. म्हणजे सगळा डाव त्या जवळ पोचण्यावर आहे, आणि या टप्प्यात गाडी दहा मीटर पुढे घेतली तरी हरणांचं लक्ष वळतं किंवा बिबट्याचा आडोसा जातो. एक पूर्ण दबा तास-दीड तास चालतो. वॉर्टहॉगच्या (आफ्रिकेतल्या रानडुकराच्या) बिळावर तर तो याहूनही जास्त वेळ नुसता बसून राहतो.

गाडीमुळे त्रास होतोय हे सांगणाऱ्या खुणा: कान मागे चपटे, गाडीवर रोखलेली नजर, शेपटीचं टोक झटकणं, दबकी गुरगुर, सारखी दिशा बदलणं. यांतली एकही दिसली तर मागे या. जो बिबट्या तीनदा दिशा बदलतो आणि तीनदा गाडी समोर आडवी येते, तो त्या दिवशी शिकार करत नाही.

मारा अभयारण्यात एका जनावरापाशी एका वेळी पाच गाड्या आणि बाकीच्या ताटकळत असतील तर प्रत्येकी दहा मिनिटं असा नियम आहे. जुलै ते ऑक्टोबरच्या गर्दीत तो सर्रास मोडला जातो. आपल्या गाइडवर "अजून जवळ" म्हणून दबाव आणणारे पाहुणे असतात, त्यांच्यात आपण नसावं. टिप गाडी किती जवळ नेली यावर ठरत नाही, हे पहिल्याच दिवशी त्याला स्पष्ट सांगितलं तर तो मोकळेपणाने काम करतो.

---

घाटवाट

रात्रीच्या सर्चलाइटबद्दल माझं मत थोडं कडक आहे. बिबट्या दबा धरत असताना दिवा पूर्ण बंदच हवा. इंपाला, पुकू यांच्या डोळ्यांवर झोत पडला की काही क्षण त्यांना काही दिसत नाही आणि बिबट्याला फुकटचा फायदा मिळतो. उलटही होतं: दिव्याने बिबट्याच उघडा पडतो. दोन्ही बाजूंनी आपण ढवळाढवळ करतो.

---

निशाचर

तत्त्व मान्य. पण लाल फिल्टर लावून, झोत जनावराच्या थोडा मागे किंवा पुढच्या जमिनीवर ठेवून बघता येतं. चांगले गाइड हरणं झोतात आली की लगेच दिवा फिरवतात. लहान पिल्लांवर दिवा मारत नाहीत आणि पांढरा झोत थेट डोळ्यांत कधीच नाही. दबा सुरू असताना बंद, यावर मात्र दुमत नाही. अंधारात फक्त ऐकत बसणं हाही जबरदस्त अनुभव असतो.

---

सावर

फोटोंसाठी मोजकं.

झाडावरचा बिबट्या मागे उजळ आभाळ घेऊन असतो, कॅमेरा फसतो आणि जनावर काळं येतं. एक्स्पोजर +१ ते +१.७ पर्यंत वाढवा, आभाळ पांढरं झालं तर होऊ द्या. चालत्या बिबट्याला १/५००, झेप किंवा उतरणं टिपायचं तर १/१६०० च्या वर. सर्चलाइटमध्ये तो स्थिर असेल तर १/१२५, आयएसओ ६४०० पर्यंत बिनधास्त. रॉमध्ये काढा, दिव्याचा पिवळेपणा नंतर काढता येतो. गवतात डोळा शोधणारा ऑटोफोकस काड्यांवर अडकतो, तिथे एका छोट्या बिंदूवर या.

साबी सँडमध्ये १००-४०० पुरते, बरेचदा ७०-२०० सुद्धा. सेरोनेरात ५०० किंवा ६०० लागते. छप्पर उघडणाऱ्या गाडीत बीन बॅग सर्वोत्तम. घरून रिकामी न्या, तिथे तांदूळ भरा. दक्षिणेकडच्या पूर्ण उघड्या गाड्यांना टेकवायला काठच नसतो, तिथे मोनोपॉड. इंजिन बंद नसेल तर कितीही महागडी लेन्स असो, थरथर येणारच.

पूर्व आफ्रिकेतल्या छोट्या विमानांत सामानाची मर्यादा साधारण १५ किलो आणि बॅग मऊच लागते. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिक पिशव्यांना बंदी आहे, कॅमेरा गुंडाळायला कापडी पिशवी घ्या. जून-जुलैच्या पहाटे उघड्या गाडीत बोचरी थंडी असते, हातमोजे आणि कानटोपी नसेल तर बोटं शटरवर चालत नाहीत.

---

पाणवठा

एकाच बिबट्याला परत ओळखायचं असेल तर मिशांच्या सगळ्यांत वरच्या ओळीच्या वर असलेले सुटे ठिपके दोन्ही गालांवर मोजा. साबी सँडमध्ये ३:२, ४:४ अशी नोंद करतात आणि ती जन्मभर बदलत नाही. दोन्ही गालांचा एकेक स्वच्छ फोटो असला की कॅम्पातले लोक बहुतेक वेळा आई कोण, वय किती, हद्द कुठली, एवढं सगळं सांगू शकतात. वागणूक समजायला हे फार उपयोगी आहे. दोन नर समोरासमोर आले आणि एक निमूट मागे फिरला, तर कुणाची हद्द हे माहीत असल्याशिवाय त्यातलं काहीच कळत नाही.

पिल्लांबद्दल: गर्भकाळ ९० ते १०५ दिवस, बहुधा दोन-तीन पिल्लं. खडकांच्या कपारीत, वारुळाच्या पोकळीत किंवा दाट जाळीत ठेवते आणि दर काही दिवसांनी जागा बदलते. बाहेरचा नर हद्द बळकावतो तेव्हा पिल्लं मारतो, त्यामुळे मादी अतिशय सावध असते. वर्षभराने, कधी दीड वर्षाने पिल्लं सुटी होतात. अगदी लहान पिल्लांच्या जागेवर चांगले कॅम्प गाड्या नेत नाहीत. त्यांनी नकार दिला तर हट्ट करू नये.

---

मोहर

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न: पाच रात्री आणि बिबट्या हाच मुख्य हेतू असेल तर दोन जागा करू की एकच?

---

रानपिंगळा

@मोहर, एकच. पाच रात्रींत दोन जागा केल्या तर प्रवासात किमान दोन फेऱ्या जातात, आणि नव्या जागी कोण कुठे आहे हे समजायला पुन्हा पहिला दिवस जातो. पहिल्या संध्याकाळी झाडावर शिकार दिसली तर पुढचे दोन दिवस त्याच झाडाभोवती काढता आले पाहिजेत. ऐपत असेल तर साबी सँड, खर्च थोडा आटोक्यात हवा तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लुआंग्वा.

बुकिंगआधी कॅम्पला हे विचारा: गाडीत जास्तीत जास्त किती जण? ट्रॅकर वेगळा असतो का? रस्ता सोडता येतो का, आणि किती हेक्टरवर? एका जनावरापाशी किती गाड्या? नाश्त्यासाठी ठरलेल्या वेळी परतावंच लागतं का? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण सकाळी ९ ला दबा ऐन रंगात असताना गाडी मागे फिरवणारे कॅम्प आहेत. शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या कुटुंबाबरोबर मिळून खासगी गाडी घ्या. सहा अनोळखी पाहुण्यांपैकी दोघांना हत्ती बघायचे असतात आणि एकाला पक्षी, त्यात झोपलेल्या बिबट्याखाली तीन तास बसायला सगळे तयार होणं अवघड असतं.

---

तांबट

आणि गाइडला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाका की "आम्हाला वीस बिबटे नकोत, एक मिळाला तरी त्याच्यापाशी थांबायचं आहे." तो फेरीची आखणीच वेगळी करतो.